स्वस्तातले क्लायंबिंग शूज आणि 'वुमेन्स'ची भानगड

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी चिपळूणची, नोकरी करणारी. गेल्या हिवाळ्यात तिने एका संस्थेचं बेसिक रॉक क्लायंबिंगचं शिबिर केलं. तिथे मिळालेले शूज सैल होते, टाच आत हलायची, पायावर विश्वासच बसेना. आता स्वतःचे घ्यायचेत. बजेट चार हजार, फार ताणलं तर पाच. ऑनलाइन 'वुमेन्स' म्हणून जे दिसतात ते चवड्यात आवळतील अशी भीती आहे, कारण पाय पुढे रुंद. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. एक मैत्रीण म्हणते, नेहमीच्या मापापेक्षा दोन नंबर लहान घे, नाहीतर पैसे फुकट. भावाच्या मित्राकडे एक इटालियन जोडी पडून आहे, ती तो दीड हजारात द्यायला तयार आहे. आणि शेवटी, कोकणातल्या दमट हवेत हे शूज टिकतात का?

आधी उत्तर सांगते. सुरुवातीच्यांसाठी म्हणून विकले जाणारे, सपाट तळाचे, लेसवाले शूज घ्या. शक्यतो पायात घालून घ्या. डब्यावर वुमेन्स लिहिलंय की मेन्स की यूनिसेक्स, हे सगळ्यात शेवटी बघा. दोन नंबर लहान अजिबात नको. आणि ती दीड हजारांची जोडी हातात घेऊन तपासल्याशिवाय हो म्हणू नका. मी रत्नागिरीत राहते, बरीच वर्षं मुलींना क्लायंबिंग शिकवते आहे. हाच प्रश्न दर ऑक्टोबरात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'वुमेन्स' म्हणजे नक्की काय वेगळं असतं? बूट बनतो तो एका साच्यावर, कारागीर ज्याला फर्मा म्हणतात त्यावर. बायकांच्या मॉडेलचा फर्मा एकाच लांबीला कमी घेराचा असतो. टाच अरुंद, पायाचा वरचा उंचवटा बसका, आणि टाचेची मागची वाटी थोडी उथळ, म्हणजे मागची शीर कापत नाही. काही कंपन्या वजन कमी धरून मिडसोल, म्हणजे तळाचा आतला थर, जरा नरम घालतात. रबर बहुतेक वेळा तेच. काही मॉडेलमध्ये तर फक्त रंग बदललेला असतो, त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. आता बऱ्याच कंपन्या बाई-पुरुष न लिहिता 'लो व्हॉल्यूम' असं लिहायला लागल्यात, तेच खरं वर्णन आहे. ज्या पुरुषाचा पाय सडपातळ त्याने वुमेन्स घ्यावा, जिचा पाय भरलेला तिने मेन्स घ्यावा. दगडाला काही कळत नाही.

आपल्याकडच्या पायांची गंमत अशी, की हा हिशेब अर्धाच जुळतो. लहानपणापासून चप्पल नाहीतर अनवाणी. अंगण, शेत, पाखाडी, समुद्राची वाळू. असा पाय पुढे पसरतो, बोटं सुटी राहतात, टाच मात्र अरुंदच राहते. म्हणजे टाचेसाठी वुमेन्स बरोबर आणि चवड्यासाठी चूक. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींची हीच तक्रार असते: पुढे बसला तर मागे हलतो, मागे बसला तर करंगळी चेपते. तुमचंही तेच दिसतंय.

म्हणून लेस. लेस जर पार बोटांपर्यंत उतरलेली असेल तर पुढे सैल सोडता येते आणि घोट्याजवळ आवळता येते. एकाच बुटात दोन मापं करता येतात म्हणा ना. वेल्क्रो भराभर काढता-घालता येतो, कृत्रिम भिंतीवर दर दहा मिनिटांनी बूट काढायचा असतो तिथे तो सोयीचा, पण दोन पट्ट्यांनी फार काही जुळवून घेता येत नाही. तुमच्या पायाला वेल्क्रोही चपखल बसला तर घ्या, मला वावडं नाही. नुसता इलॅस्टिकचा स्लिपर मात्र पहिल्या जोडीला नको.

लांब दुसऱ्या बोटाबद्दल. क्लायंबिंग शूजचं टोक दोन प्रकारचं असतं. एकात टोक अंगठ्याकडे झुकलेलं, सगळा जोर अंगठ्यावर यावा म्हणून. दुसऱ्यात टोक मध्याकडे. ज्यांचा अंगठा सगळ्यात लांब त्यांना पहिला प्रकार बसतो. दुसरं बोट लांब असलेल्यांना त्यात ते बोट दुमडून वर उचललं जातं आणि सांध्यावर घासतं. बूट तळाकडून बघा. मधोमध रेघ ओढली तर दोन्ही बाजू साधारण सारख्या दिसायला हव्यात. सुरुवातीच्यांचे शूज बहुधा असेच असतात, त्यामुळे इथे स्वस्त आणि योग्य एकाच ठिकाणी सापडतं.

आता दोन नंबर लहानचा सल्ला. तो कुठून येतो ते सांगते. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याचा, विश्वचषक झाला. तिथले, आणि आता मोबाइलवर दिसणारे बहुतेक स्पर्धक, पोपटाच्या चोचीसारखे खाली वळलेले शूज घालतात. त्यात बोटं दुमडलेलीच हवीत, कारण त्यांना पुढे झुकलेल्या भिंतीवर पायाने होल्ड, म्हणजे पकडीचा उंचवटा, ओढायचा असतो. ते लोक एक बोल्डर चढतात, खाली येतात, बूट काढून बसतात. तुम्ही सह्याद्रीत उभ्या कड्यावर अर्धा तास दोराला बांधलेल्या, वरचा बिले, म्हणजे वरून दोर सांभाळायची व्यवस्था, कधी तयार होतो त्याची वाट बघत उभ्या असणार. दुखणाऱ्या पायाने कोणी नीट पाय ठेवत नाही. पाय ठेवता येत नाही म्हणून हाताने ओढते, हात भरतात, आणि मग मुलगी म्हणते माझ्यात ताकदच नाही. ताकदीचा काही संबंध नसतो.

दुसरं कारण जुनं आहे. पूर्वी शूज अस्तर नसलेल्या चामड्याचे असायचे आणि ते वापराने एक नंबरपर्यंत, कधी जास्तही सैल व्हायचे. त्यामुळे लहान घ्यायला अर्थ होता. आज स्वस्तातले बहुतेक शूज सिंथेटिक कापडाचे किंवा अस्तर लावलेल्या चामड्याचे असतात. सिंथेटिक जवळजवळ ताणत नाही. दुकानात करंगळी चेपत असेल तर ती सहा महिन्यांनीही चेपणार. म्हणून आधी विचारा, कशाचं आहे? बिनअस्तराचं चामडं असेल तर थोडं आवळणारं चालेल, सिंथेटिक असेल तर आज जसं बसतंय तेच खरं.

बसलाय हे ओळखायचं कसं? दुपारनंतर जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि आपल्या हवेत तर जास्तच. नखं आदल्या दिवशी कापलेली असू द्या. मोजे घालू नका. बूट जात नसेल तर पायाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा आणि मग घाला, सर्रकन जातो. मग उभं राहायचं. बसून बघितलेलं माप मोजायचं नाही. उभं राहिल्यावर सगळी बोटं पुढे टेकलेली हवीत, पहिल्या जोडीला सपाट किंवा किंचित वाकलेली, पण मुडपलेली नकोत. बोटांच्या वर पोकळी नको. तळव्याच्या कमानीखाली हवेचा फुगा नको. चवड्यावर सगळीकडून सारखा दाब हवा. एका ठिकाणी टोचत असेल तर तो नंबर नाही, फर्माच तुमचा नाही, दुसरं मॉडेल बघा.

आणि आता पायरी. दुकानात जिना किंवा प्रात्यक्षिकाची फळी असेल तर त्याच्या काठावर फक्त अंगठ्याची आतली कड ठेवून उभ्या राहा. भिंतीला दोन बोटं लावा, तोल जायला नको. टाच हळूहळू खाली सोडा, मग वर उचला. खाली सोडताना टाच बुटातून निसटते का? वर उचलताना मागची शीर कापते का? अंगठा आत सरकून पुढे आदळतो का? तिन्हीला नाही असं उत्तर आलं तर बूट बसला. मग तो पायात ठेवून दहा-पंधरा मिनिटं दुकानात फिरा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. आवळल्यासारखं वाटणं ठीक आहे. बधिर होणं, मुंग्या येणं, आग होणं ठीक नाही.

लग्न झालेल्यांना एक गोष्ट सांगावीच लागते, कारण पुरुष प्रशिक्षकांच्या लक्षात येत नाही आणि मुली लाजून बोलत नाहीत. जोडवी काढा. शूज बघायला जाताना काढा, चढतानाही काढा. जोडव्यासकट बूट घातला तर तो नंबर मोठा लागतो, आणि चढताना बोट सुजलं की जोडवं निघत नाही, रुततं. घरात कुरबुर झाली तरी दोऱ्यात ओवून गळ्यात घालणं, तेही नको. सरळ डब्यात ठेवा. पैंजणाचंही तेच, लेसमध्ये अडकतं.

टाचेला भेगा असतील तर घट्ट टाचेच्या बुटात त्या उघडतात आणि रक्त येतं. रात्री झोपताना मुठेल चोळा, कोकमाचं ते घट्ट तेल जुन्या घरांतून अजून मिळतं. चढायच्या दिवशी सकाळी मात्र नाही, तेलकट पाय बुटात फिरतो. बाळंतपणानंतर पाय लांबीला आणि रुंदीला वाढलेला असू शकतो, तेव्हा आधीच्या नंबरावर विसंबू नका. आणि वाढत्या वयाच्या मुलीसाठी घेत असाल तर आवळणारा बूट अजिबात घेऊ नका. तिच्यासाठी संस्थेचे किंवा जुने शूजच बरे.

दुकान लांब आहे, ऑनलाइनच घ्यावं लागणार, असं असेल तर मोजमाप नीट करा. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन देऊन उभ्या राहा, आणि पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. चवड्याच्या दोन्ही बाजूंनाही खुणा. दोन्ही पाय मोजा, थोडा फरक असतोच, मोठा पाय धरा. मग कंपनीच्या तक्त्यात सेंटिमीटर बघा. यूके, यूएस, युरोप असं एकातून दुसऱ्यात रूपांतर करत बसू नका. यूकेचा एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, युरोपचा एक नंबर म्हणजे साधारण पावणेसात, शिवाय अमेरिकेत बायकांचे आणि पुरुषांचे आकडे वेगळे. या गोंधळात अर्धा सेंटिमीटर सहज हरवतो, आणि क्लायंबिंग शूजमध्ये अर्धा सेंटिमीटर म्हणजे सगळंच. परत करायची सोय आहे का ते आधी वाचा. घरी आल्यावर स्वच्छ फरशीवर, घरातल्या जिन्यावर तपासा. एकदा दगडाला लावला की परत घेत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

तरी माझं मत विचाराल तर एकदा पुण्याला किंवा कोकण रेल्वेने पनवेलला उतरून नवी मुंबईला जाऊन या. जाण्यायेण्याचा खर्च बजेटमध्ये धरा. न बसणाऱ्या बुटापेक्षा तो स्वस्त पडतो.

कोणते घ्यायचे? तुमच्या बजेटमध्ये खरं तर एकच सहज मिळणारा पर्याय आहे: डेकॅथलॉनमध्ये सिमोंड नावाने मिळणारे सुरुवातीचे शूज. सिमोंड ही शामोनीतली जुनी फ्रेंच कंपनी, डेकॅथलॉनने २००८ साली घेतली. त्यांचे साधे शूज बहुधा तीन ते पाच हजारांच्या दरम्यान मिळतात. भाव आणि मॉडेल सारखे बदलतात, म्हणून नाव पाठ करून जाऊ नका. दिसायला ते काही खास नाहीत, पण रबर जाड आहे आणि पहिल्या जोडीला तेच लागतं. 'स्वस्तातले आहेत, चिकटणार नाहीत' असं कोणी म्हणालं तर हसून सोडा. नवशिक्या माणसाचा पाय निसटतो तो रबरामुळे क्वचितच. पाय ठेवल्यावर तो हलवल्यामुळे निसटतो.

त्याच्या वरच्या पायरीवर ला स्पोर्टिव्हाचा टॅरंटुला, स्कार्पाचे ओरिजिन आणि हीलिक्स, ब्लॅक डायमंडचा मोमेंटम, इव्हॉल्व्हचा डेफाय आणि त्याचंच बायकांचं रूप इलेक्ट्रा. सगळे सुरुवातीच्यांसाठीचे, चांगले. पण आयात होऊन येतात, त्यामुळे दुप्पट-तिप्पट पैसे पडतात आणि नेमका आपला नंबर भारतात नसतो. यातल्या टॅरंटुलाला लेसवालं भावंड आहे, ओरिजिनचं चामडं मऊ आहे, मोमेंटमचा वरचा भाग विणलेल्या कापडाचा असल्याने हवा खेळते. इव्हॉल्व्ह पुढे रुंद असतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. परदेशातून कोणी नातेवाईक येणार असेल तर विचार करा, पण पायात न घालता मागवलेला महाग बूट हा मला कधीच शहाणपणाचा व्यवहार वाटला नाही. त्यापेक्षा उरलेल्या पैशात चॉकबॅग, म्हणजे हाताला लावायच्या पावडरची पिशवी, घ्या. किंवा हेल्मेट. संस्था दोर, हार्नेस देते, पण हेल्मेट डोक्याला नीट बसणारं स्वतःचं असलेलं बरं. सह्याद्रीत सुटे दगड येतात.

दगडाचं बोलायलाच हवं, कारण बूट शेवटी दगडासाठी घ्यायचा. आपल्याकडे दोन दगड. घाटाच्या बाजूला बेसाल्ट: लिंगाणा, तैलबैला, नागफणी, पनवेलजवळचा कर्नाळ्याचा सुळका. लाव्हाच्या थरांचा हा दगड, त्यात आडव्या कपारी, बोटभर रुंदीच्या कडा, उभ्या भेगा. इथे पाय ठेवायचा म्हणजे बुटाची आतली कड त्या कपारीवर टेकवून उभं राहायचं. त्यासाठी तळ थोडा कडक हवा. बूट हातात धरून वाकवून बघा. मधोमध घडी पडत असेल तर कपारीवर पोटरी लवकर भरून येईल. सुरुवातीच्यांचे शूज साधारणपणे कडकच असतात. नरम, पातळ, महाग रबराचा बूट कृत्रिम भिंतीवर बसवलेल्या मोठ्या गुळगुळीत ठोकळ्यांवर मजेचा, आपल्या कड्यावर तो नवशिक्याला दमवतो.

दुसरा दगड जांभा. रत्नागिरीच्या समुद्राकडच्या कड्यांवर आणि सड्यांच्या, म्हणजे उघड्या कातळपठारांच्या, कडांवर तोच. खडबडीत, भोकाभोकांचा, लोहामुळे लाल. घर्षण भरपूर, पण रबर किसून काढतो. शिवाय जांभा उघड्यावर राहून बाहेरून कडक होतो, आतला मऊच असतो, त्यामुळे वरवर भक्कम दिसणारा होल्ड हातात येऊ शकतो. जांभ्यावर शिकणार असाल तर तळाचं रबर चार-पाच मिलिमीटर हवंच, आणि टोकावरची रबराची पट्टी, जिला रँड म्हणतात, ती जाड हवी. नवशिक्या मुली पाय घासत घासत वर नेतात. झिजतो तो तळ नाही, अंगठ्यापुढची ती पट्टी. तिला भोक पडलं की बूट दुरुस्त करणं अवघड होतं. बदामीचा वालुकाश्म किंवा हंपीचा ग्रॅनाइट हा पुढचा प्रवास, त्यासाठी आत्ता वेगळं काही घ्यायची गरज नाही. आणि चिरेखाणीच्या उभ्या भिंती दिसायला मोहक असतात, तिकडे सरावाला जाऊ नका. त्या कधी सुटतील सांगता येत नाही.

इथे एक आडवा प्रश्न विचारते: तुम्हाला शूज खरंच आत्ता लागणार आहेत का? आपल्याकडे सुळक्यांच्या मोहिमांत पहिले एक-दोघंच खऱ्या अर्थाने चढतात. मागचे अनेक जण लावलेल्या दोरावर जुमार करत, म्हणजे दोराला पकडणारं साधन वर सरकवत, येतात. लिंगाण्याला तुम्ही अशा सहाव्या-सातव्या असणार असाल तर रॉक शूजचा उपयोग काडीचा नाही, चांगली पकड असलेले ट्रेकिंगचे बूटच बरे. रॅपलिंगलाही, म्हणजे दोरावरून खाली उतरायलाही, तेच. आणि पावसाळ्यात धबधब्यात रॅपलिंगला कोणी क्लायंबिंग शूज घालून आलं तर मी तिला परत पाठवते. ओल्या शेवाळावर ते गुळगुळीत रबर निसटतं आणि वर बूटही कायमचा बिघडतो. आधीच्या पिढीने कॅनव्हासचे साधे हंटर शूज घालून सह्याद्रीतले सुळके सर केलेत हेही खरं आहे. चिकट रबराचे शूज जगातच १९८०च्या दशकात पसरले. पण तुम्ही टॉप-रोपवर, म्हणजे वरून लावलेल्या दोराच्या सुरक्षेत, दर रविवारी स्वतःच्या पायाने चढणार असाल, भिंतीवर जाणार असाल, तर घ्याच. पहिल्याच दिवशी फरक कळेल.

दमट हवा. टिकतात, पण लाड करावे लागतात. चढून झालं की शूज पिशवीत कोंबून तीन दिवस तसेच ठेवायचे नाहीत. लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात नाही. तळ, रँड, कापड सगळं गोंदाने जोडलेलं असतं आणि उष्णतेने गोंद सुटतो. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेले शूज तळाकडून उघडतात. समुद्राकाठी चढलात तर घरी येऊन ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर खारट हवेने लेसच्या धातूच्या कड्या गंजतात आणि लेस कापतात. कापडी भोकं असलेला बूट मिळाला तर आपल्याकडे तो उत्तम. वास फार येऊ लागला तर कोमट पाण्यात साधा साबण घालून हाताने धुवा, मशिनमध्ये नाही.

जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. चामड्यावर हिरवी-पांढरी बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर नक्कीच धरते. कापडी पिशवीत, नवीन खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा काढून वारा द्या. चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचा मोह होईल, तिथे सगळं कोरडं राहतं. गोंदाचं काय होईल ते वर सांगितलंच. या हवेमुळेच मी कोकणातल्या मुलींना पहिली जोडी सिंथेटिक घ्या म्हणते, चामडं कितीही छान वाटलं तरी.

राहिली भावाच्या मित्राची इटालियन जोडी. 'इटालियन' ऐकून भुलू नका, पण झिडकारूही नका. आधी बाजूने बघा. टोक खाली वळलेलं असेल तर तिथेच विषय संपला, तो तुमचा बूट नाही. सपाट असेल तर अंगठ्यापुढची रँड अंगठ्याने दाबा. तिथलं रबर पातळ होऊन आतलं कापड जाणवतंय का? तळाची कड नखाने उचलून बघा, कुठे सुटलीय का. मग तळाचं रबर ओल्या फडक्याने चोळून कोरडं करा आणि बोट दाबून सरकवा. बोट थोडं अडखळलं पाहिजे. चकचकीत, कडक, काचेवर सरकावं तसं सरकलं तर रबर म्हातारं झालंय. बारीक सँडपेपरने वरचा थर घासून कधीकधी जीव येतो, पण बारीक तडे दिसत असतील तर नाही. आत हात घालून टाचेची वाटी चाचपा. पहिल्या मालकाच्या टाचेने ती पसरली असेल तर तुमची टाच परत शिबिरासारखी हलणार, आणि हलणाऱ्या टाचेपासूनच तर तुम्हाला सुटायचंय. पुरुषाचा पाय होता, म्हणजे ही शक्यता जास्त. शेवटी पायात घालून वरचीच पायरीची परीक्षा घ्या, घरच्या जिन्यावर, तो मित्र समोर उभा असताना. सगळं नीट निघालं तर घ्या, पण दीड हजार लगेच काढून देऊ नका. हजारला मागून बघा, पडून राहिलेल्या बुटाला तेवढे पुरे.